पाच वॉटचा आवाज



व्याख्यानाचा विषय कळवा असे मालेच्या चिटणिसांनी लिहिले, तेव्हा मी उलट टपाली कळविले : 'गिटारचा लहान ध्वनिवर्धक घरी बांधणे'. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. अत्यंत अदबीने त्यांनी विचारले, "सर, हे विज्ञानात घालायचं की संगीतात?" मी म्हटले, छापताना हस्तव्यवसायात घाला. काल या व्यासपीठावरून आपण राज्यघटनेवर ऐकलेत, उद्या संतवाङ्मयावर ऐकणार आहात. मधल्या दिवशी एका निवृत्त मास्तराने आपल्या घरातल्या टेबलावर केलेला उद्योग सांगावा, हे थोडे धाडसाचेच आहे. पण या उद्योगात माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती चूक सांगण्यासाठीच खरे तर मी उभा आहे. ती योग्य ठिकाणी येईल.

प्रथम वस्तू काय आहे ते सांगतो. विजेच्या गिटारचा आवाज गिटारातून येत नाही. तिच्या तारांखाली लोहचुंबकावर गुंडाळलेले बारीक तारेचे वेटोळे असते. त्यावर पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. त्याचा दाब साधारणपणे एक दशांश व्होल्ट समजा. हातातल्या विजेरीच्या एका सेलच्या पंधराव्या हिश्श्याइतका. एवढ्या दाबाने स्पीकरचा कागद हलत नाही. मधे जे यंत्र लागते ते ध्वनिवर्धक, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. आज तो बहुधा ट्रान्झिस्टरचा असतो किंवा आत संगणकच असतो. मी बांधला तो जुन्या पद्धतीचा, व्हॉल्व्हचा. अमेरिकन माणूस त्याला ट्यूब म्हणतो, इंग्रज व्हॉल्व्ह म्हणतो. आपण रेडिओ इंग्रजांकडून शिकलो म्हणून आपल्याकडेही व्हॉल्व्हच. आमच्या पाठ्यपुस्तकात 'निर्वात नलिका' असा शब्द होता. तो परीक्षेपुरता बरा होता.

या ध्वनिवर्धकाचे मूळ कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी आहे. तेथे लिओ फेंडर नावाचा एक गृहस्थ होता. मूळचा हिशेबनीस, नोकरी गेली म्हणून त्याने १९३८ साली रेडिओदुरुस्तीचे दुकान काढले. गावातले वादक त्याच्याकडे आपली यंत्रे दुरुस्तीला आणीत, आणि कोठे काय मोडते हे त्याच्या नजरेत भरत गेले. पुढे १९४६ पासून तो स्वतःच गिटार व ध्वनिवर्धक बनवू लागला. गंमत अशी की, या माणसाला गिटार वाजविता येत नव्हती. त्याच्या कारखान्यातून निघालेला सर्वांत लहान, शिकाऊ विद्यार्थ्यांसाठीचा ध्वनिवर्धक म्हणजे 'चॅम्प'. १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याची जी आवृत्ती निघाली तिचा आराखड्याचा क्रमांक ५एफ१. आवाजाचे एकच बटण, आठ इंची स्पीकर, शक्ती पाच वॉट. आत तीन व्हॉल्व्ह, दोन ट्रान्सफॉर्मर, डझनभर रेझिस्टन्स, सहा-सात कंडेन्सर. संपले. फेंडरने कंपनी १९६५ साली विकली आणि १९९१ साली तो वारला; पण हा आराखडा इतका सरळ आहे की आज त्याचे सुटे भाग एका खोक्यात घालून निरनिराळे लोक विकतात, आणि घेणारा घरी बसून ते जोडतो. अशा खोक्याला किट म्हणतात.

आता या खोक्याशी माझा संबंध कसा आला? आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, बाजारपेठेत रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवीत. वीस-बावीस वर्षे त्यांनी ते चालविले. गणेशोत्सवातले कर्णे आणि त्यांचे ध्वनिवर्धकही त्यांच्याकडेच येत. दुकानात शिरले की तापलेल्या राळेचा वास यायचा. राळ म्हणजे डाख देताना लावतात ती. आता सर्व जण सोल्डर म्हणतात, अण्णा डाखच म्हणत. मी पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन आलो तेव्हा ट्रान्झिस्टर घरोघर पोचला होता. मी अण्णांना सांगितले, "व्हॉल्व्हचे दिवस संपले. आता हे शिकून काय करायचं?" ते म्हणाले, "अरे, व्हॉल्व्ह तापला की काम चाललंय हे दिसतं तरी. त्या काळ्या मुंगीकडे बघून काय कळणार?" मला ते अडाणीपणाचे वाटले. चार-पाच वर्षांनी दुकान बंद झाले, आणि उरलेले व्हॉल्व्ह मी भंगारवाल्याला घातले. काचेचे वजन किती, पत्र्याचे किती, एवढाच हिशेब झाला. पुढे तीस वर्षे मी महाविद्यालयात ट्रायोडचे आलेख फळ्यावर काढले, आणि त्या तीस वर्षांत एकही व्हॉल्व्ह स्वतः तापविला नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नातीने गिटार घेतली. ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला ध्वनिवर्धक हवा होता. विकतचा घेऊन द्यावा म्हणून मी पाकिटाला हात घातला, तर ती म्हणाली, "विकतचा नको, आजोबा. आपण किट मागवू. तुम्हाला व्हॉल्व्ह येतात ना?" या प्रश्नाला नाही म्हणणे मला जड गेले.

किट मागविणाऱ्याने एक गोष्ट आधी विचारून घ्यावी. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची असते, आपल्याकडे २३० व्होल्टची. त्यांच्याकडे ती सेकंदाला ६० वेळा उलटसुलट होते, आपल्याकडे ५० वेळा. त्यांच्यासाठीचा ट्रान्सफॉर्मर आपल्या भिंतीत लावला तर तो आपले काम थोड्या वेळात, धूर काढून, कायमचे संपवितो. दोन्ही देशांत चालतील असे ट्रान्सफॉर्मर मिळतात. आम्ही तसा घेतला. व्हॉल्व्ह आज रशियात, स्लोव्हाकियात आणि चीनमध्ये बनतात. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून ते आपल्याकडेही बनविले होते, आणि अण्णांच्या दुकानात त्यांची खोकी मी पाहिली आहेत. पण ते उत्पादन आता इतिहासजमा आहे.

व्हॉल्व्हचे काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. ज्यांनी शेताला पाटाचे पाणी दिले आहे त्यांना ते चटकन् कळेल. काचेच्या नळीतली हवा काढून टाकलेली आहे. मधोमध एक लहान पत्र्याची नळी, कॅथोड. ती आतल्या तारेने लाल तापविली की तिच्यातून ऋण विद्युत्कण, इलेक्ट्रॉन, बाहेर उसळतात. बाहेरच्या बाजूला प्लेट. तिच्यावर शेकडो व्होल्टचा धन दाब, म्हणून इलेक्ट्रॉन तिच्याकडे धावतात. १९०४ साली इंग्लंडमध्ये फ्लेमिंगने एवढेच केले होते. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्टने या दोहोंच्या मध्ये तारेची एक जाळी घातली, ग्रिड. हीच पाटाची फळी. फळी बोटभर खालीवर करावयास ताकद लागत नाही, पण तिच्यामागून जाणारे पाणी सारा मळा भिजविते. गिटारचा क्षीण दाब ग्रिडवर येतो, फळी हलते, आणि तिच्या तालावर प्लेटकडे जाणारा मोठा प्रवाह कमीजास्त होतो.

आमच्या यंत्रात पहिला व्हॉल्व्ह १२एएक्स७. एका काचेत दोन ट्रायोड आहेत, आणि प्रत्येक ट्रायोड आलेला दाब सुमारे पन्नास पट करतो. दुसरा ६व्ही६, स्पीकर हलविण्याचे कष्ट हा करतो. तिसरा ५वाय३, तो आवाजाच्या वाटेवर नाहीच. घरातली उलटसुलट वीज एकदिश करून बाकी दोघांना पुरविणे हे त्याचे काम. घरात एखादी व्यक्ती बैठकीत कधी दिसत नाही पण तिच्यावाचून चूल पेटत नाही, तशातला प्रकार.

येथे एक हिशेब सांगण्याचा मोह आवरत नाही. तिन्ही व्हॉल्व्हच्या तारा नुसत्या तापवायला सुमारे पंधरा वॉट लागतात, आणि ६व्ही६ आणखी पंधरा वॉट घेतो. म्हणजे भिंतीतून तीस वॉटहून जास्त घ्यावयाचे आणि हवेत पाच वॉट सोडावयाचे. बाकीची सारी उष्णता. अण्णांच्या दुकानातले मांजर चालू रेडिओच्या पाठीशी झोपत असे, त्याला हा सिद्धांत ठाऊक असावा. दुसरी एक गंमत : व्हॉल्व्हच्या तारेला ६.३ व्होल्ट लागतात. हा विचित्र आकडा कोठून आला? जुन्या मोटारींच्या बॅटरीत शिशाचे तीन सेल असत, त्यांचा दाब एवढा. मोटारीतल्या रेडिओसाठी व्हॉल्व्ह बनले, आणि मोटारी बदलल्या तरी आकडा राहिला.

जोडणीला आम्हांला आठ संध्याकाळी लागल्या. सर्वांत अवघड काय, तर डाख. वाटते की वितळलेले कथील तारेवर ठेवले की झाले. तसे नाही. आधी सांधा तापवावयाचा, म्हणजे तार आणि तिची खुंटी दोन्ही, आणि मग कथील त्या सांध्याला लावावयाचे, सोल्डरिंग आयर्नला नव्हे. सांधा पुरेसा तापला असेल तर कथील पाण्यासारखे पसरते आणि निवल्यावर चकाकते. नसेल तर गोळा होऊन बसते, खरबरीत आणि मळकट दिसते. त्याला थंड डाख म्हणतात. तो दिसायला जोडलेला असतो, आणि यंत्र तापले की सुटतो. माझे पहिले सात डाख थंड निघाले. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही घाई करताय." तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मान्य करावयास मला दोन संध्याकाळी लागल्या, वर सांगितलेल्या आठांत त्या धरलेल्या आहेत.

जोडणी पुरी झाली की थेट भिंतीत लावावयाचे नाही. किटच्या पुस्तिकेत लिहिले होते की, यंत्राच्या मालिकेत तारेचा साधा दिवा जोडा आणि मग वीज सोडा. ते वाचून मी हसलो. अण्णांच्या टेबलावर हा सिरीज दिवा कायमचा ठोकलेला होता. अमेरिकेतल्या छंदिष्टाला आणि आमच्या पेठेतल्या मेकॅनिकला एकच युक्ती सुचली होती. यंत्रात कोठे तारेला तार चिकटली असेल तर दिवा झगझगीत पेटतो आणि जास्तीचा प्रवाह स्वतः गिळतो, यंत्र वाचते. सर्व ठीक असेल तर तो क्षणभर चमकून मंद होतो. आमचा मंद झाला. आम्ही दोघांनी श्वास सोडला.

आता माझी चूक.

पुस्तिकेप्रमाणे पहिल्या चाचणीत फक्त ५वाय३ खाचेत बसवावयाचा, बाकीचे दोन बाहेर. दाब मोजावयाचा. मीटरने साडेचारशेच्या घरात व्होल्ट दाखविले. ठीकच होते, कारण प्रवाह घेणारे कोणी नसल्यामुळे दाब चढलेला असतो. पुढे तो साडेतीनशेपर्यंत उतरतो. मी बटण बंद केले, प्लग भिंतीतून उपसला, आणि आम्ही जेवावयास गेलो. अर्ध्या तासाने परत आलो. एक तार चेसिसच्या पत्र्याला फारच लगटून गेली होती, ती बाजूस करावयाची होती. नातीने विचारले, "हात घालू?" मी म्हटले, "घाल की. प्लग काढलेला आहे."

तिने हात घातला नाही. कोणाचेही म्हणणे मीटर लावून पाहिल्याशिवाय खरे मानावयाचे नाही, अशी तिला सवय आहे. ती कोणी लावली मला माहीत नाही, मी तर नाही. तिने मीटरची टोके कंडेन्सरला टेकविली आणि म्हणाली, "आजोबा, तीनशे ऐंशी दाखवतंय."

सभ्य स्त्रीपुरुषहो, कंडेन्सर विद्युत्भार साठवितो, आणि साठलेली ऊर्जा म्हणजे धारकता गुणिले दाबाचा वर्ग याचे निम्मे, हे सूत्र मी किती वर्गांना शिकविले असेल याची मोजदाद नाही. प्लग काढला म्हणजे भिंतीशी संबंध तुटला. साठलेला भार कोठे जाणार? नेहमी यंत्र बंद केले की ६व्ही६ अजून तापलेला असतो, तो काही क्षणांत सारा भार पिऊन टाकतो. त्या रात्री ६व्ही६ खाचेत नव्हताच. भार जसाच्या तसा बसून होता, अर्धा तास. म्हणजे पुऱ्या झालेल्या यंत्रापेक्षा अर्धे झालेले यंत्र अधिक दगा देते, ही गोष्ट माझ्या कोणत्याही आलेखावर नव्हती.

तो भार किती होता? तिन्ही कंडेन्सर मिळून ३२ मायक्रोफॅरड धरले, तर साडेतीनशे-चारशे व्होल्टला दोन-अडीच ज्यूल होतात. दोनशे-अडीचशे ग्रॅमचे वजन मीटरभर उंचीवरून पडावे, एवढी ऊर्जा. ही काही आकाशातली वीज नव्हे. बहुधा जोराचा झटका बसून हात मागे आदळला असता, बोट भाजले असते. पण 'बहुधा' हा शब्द मला नातीच्या बाबतीत वापरावयाचा नाही.

मी खुर्चीत बसलो, आणि अण्णांचा डावा हात मला दिसला. चालू रेडिओत काम करताना त्यांचा डावा हात नेहमी पँटच्या खिशात असे. लहानपणी मला वाटे की तो त्यांचा रुबाब. एकदा मीही तसाच उभा राहिलो तर आई हसली होती. त्याचा अर्थ असा की, एका हाताला झटका बसला तर प्रवाह त्याच हातातून वाट काढील. दोन्ही हात गुंतले असतील तर तो या हातातून त्या हाताकडे जाताना छातीतून, हृदयावरून जातो. आणि काम सुरू करण्यापूर्वी ते एका लाकडी मुठीच्या, तोंडाशी रेझिस्टन्स बांधलेल्या तारेने कंडेन्सरला टेकवीत. मला ती तार ठाऊक होती. तीही मी भंगारात घातली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती नव्याने बनविली. शंभर किलो-ओमचा, तीन-चार वॉटचा रेझिस्टन्स. एक टोक चेसिसला चिमट्याने लावावयाचे, दुसरे रबरी आवरणाच्या टोकाने कंडेन्सरच्या धन बाजूला. तीन सेकंदांत भार तिसऱ्या हिश्श्याहून थोडा वर उरतो, पंधरा-वीस सेकंदांत जवळजवळ काहीच उरत नाही. आणि मग मीटर लावून पाहावयाचे. तार फिरविली म्हणजे झाले असे नाही, पाहावयाचे. आपल्यापैकी कोणी हा उद्योग करणार असेल तर माझ्या व्याख्यानातले बाकी काही लक्षात राहिले नाही तरी चालेल.

यालाच जोडून एक गोष्ट. मूळ फेंडरच्या यंत्राला दोन पिनांचा प्लग होता. आजच्या किटला तीन पिनांचा असतो, आणि चेसिसचा पत्रा तिसऱ्या पिनेला, म्हणजे जमिनीला जोडतात. गिटारच्या तारा केबलमधून याच पत्र्याला जोडलेल्या असतात. म्हणजे वाजविणाऱ्याची बोटे सदोदित त्या पत्र्याला लागलेली आहेत असे समजा. आत कोठे बिघाड होऊन पत्र्यावर वीज आली आणि जमिनीची तार नसली, तर ती वाट वाजविणाऱ्याच्या अंगातून काढील. आता आपल्या गावातल्या जुन्या वाड्यांत भिंतीवर तीन भोकांची सॉकेटे असतात, पण तिसऱ्या भोकामागे तार असतेच असे नाही. आमच्या घरात तीन खोल्यांत नव्हती. ध्वनिवर्धकाच्या निमित्ताने वायरमनला बोलावून ती घालून घेतली. तेवढ्याने किटचे पैसे वसूल झाले असे मी घरात सांगतो. घरात ते कोणाला पटलेले नाही.

तिन्ही व्हॉल्व्ह बसवून, स्पीकर जोडून (स्पीकर न जोडता हे यंत्र कधी चालवू नये, बाहेरचा ट्रान्सफॉर्मर जातो) आम्ही वीज सोडली. वीस सेकंद काही नाही. मग यंत्राने अशी किंकाळी फोडली की शेजारचे काका गॅलरीत आले. बंद केले. तीन संध्याकाळी मी एकेक डाख भिंगातून तपासत होतो. चवथ्या संध्याकाळी नात म्हणाली, "आजोबा, आवाजाचं बटण शून्यावर आहे, तरी ओरडतंय. मग बटणाच्या अलीकडचा सगळा भाग निर्दोषच की." अण्णा हेच करीत. यंत्र अर्ध्यावर कापावयाचे, दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते ऐकावयाचे, मग त्या अर्ध्याचे अर्धे करावयाचे. बटणाच्या पलीकडे राहिले काय? दुसरा ट्रायोड, ६व्ही६, ट्रान्सफॉर्मर, आणि स्पीकरकडून मागे येणारा २२ किलो-ओमचा एक रेझिस्टन्स. तो रेझिस्टन्स एका बाजूने सोडविला. किंकाळी थांबली.

हा रेझिस्टन्स म्हणजे ऋण प्रत्यादान, निगेटिव्ह फीडबॅक. १९२७ साली बेल प्रयोगशाळेतला हॅरल्ड ब्लॅक न्यूयॉर्कच्या नदीवर सकाळच्या नावेतून कामावर जात असता त्याला ही कल्पना सुचली, आणि हातातल्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या जागेवर त्याने ती लिहून काढली. बाहेर पडलेल्या आवाजातला थोडा भाग उलटा करून मागे द्यावयाचा, म्हणजे यंत्र आपलीच चूक आपण दुरुस्त करते. मात्र तो उलटा हवा. सुलटा गेला तर यंत्र स्वतःच्या चुकीला टाळ्या देत सुटते आणि ओरडू लागते. ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारा मी अदलाबदल करून जोडल्या होत्या. रंग पुस्तिकेतल्या रंगांशी जुळत नव्हते म्हणून अंदाजाने जोडल्या, आणि अंदाज चुकला. तारा बदलल्या, यंत्र गप्प झाले. फक्त एक बारीक घूं राहिला. तो आपल्या ५० च्या विजेचा दुप्पट, शंभरचा सूर. अमेरिकेत तोच १२० चा असतो.

पुढे पुस्तिका चाळताना शेवटच्या पानावर वाचले : 'यंत्र किंचाळत असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारा अदलाबदल करा.' मी ते पान वाचले नव्हते. आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आलो, प्रश्नपत्रिका आधी पूर्ण वाचा.

आता आवाजाविषयी. आपण विचाराल, ट्रान्झिस्टर स्वस्त, हलका, थंड, आणि आवाजही अधिक शुद्ध. मग हा खटाटोप कशाला? उत्तर असे की, वादकाला येथे शुद्ध आवाज नकोच आहे. ६व्ही६ च्या ग्रिडवर सुमारे वीस व्होल्टपर्यंतचे हेलकावे त्याला झेपतात. आधीचे दोन ट्रायोड त्याहून किती तरी जास्त देऊ शकतात. बटण निम्म्यापुढे गेले की फळी पूर्ण उघडते किंवा पूर्ण बंद होते, आणि लाटेचे माथे चेपले जातात. शिवाय एकच व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंचे काम करीत असल्यामुळे लाट वरून वेगळी आणि खालून वेगळी चेपते. अशाने मूळ सुराबरोबर त्याच्या वरच्या सप्तकातला तोच सूर मिसळतो, आणि आणखी वरचे काही. इंजिनियर याला विरूपण म्हणतात, आणि ते कमी करण्यात त्यांनी पन्नास वर्षे घालविली. गिटारवादक त्याच दोषासाठी बटण शेवटपर्यंत फिरवितो. हळू छेडले तर सूर स्वच्छ येतो, जोराने छेडले तर भरड होतो, आणि हे बोटाच्या दाबाने ठरते. आपल्या तंबोऱ्याच्या घोडीवर जव्हारीचा दोरा सरकवून आपण तारेला जे झणझणायला लावतो, तेही तारेच्या स्वच्छ कंपनात मुद्दाम केलेला अडथळाच की. आपल्या कानाला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही.

हे यंत्र विद्यार्थ्यांसाठी बनलेले. पण लहान असल्यामुळेच ते थोड्या आवाजात गळ्यापर्यंत भरते, आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीत ते मोठ्या यंत्रांना भारी पडले. १९७० साली इंग्लंडच्या एरिक क्लॅप्टनने 'लैला' या नावाचे जे गाणे ध्वनिमुद्रित केले, त्या मुद्रणांत त्याने असाच चॅम्प वापरला होता. नाव आपल्या ओळखीचे वाटले ना? ती तीच, निजामीच्या काव्यातली, मजनूची. फारसी कथा, इंग्रज वादक, आणि मधे फुलर्टनच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची पाच वॉटची पेटी.

ज्या दिवशी आमची पेटी प्रथम नीट वाजली, त्या दिवशी मी ६व्ही६ च्या कॅथोडचा दाब मोजला. रेझिस्टन्स ४७० ओमचा, दाब साडेएकोणीस व्होल्ट. भागाकार केला की प्रवाह निघाला, सुमारे एकेचाळीस मिलिअँपिअर. कोष्टकात हवा तसाच. आठवीच्या मुलाला येणारे गणित. एवढे करून मी दिवा घालविला, कारण नातीला व्हॉल्व्ह अंधारात पाहावयाचे होते. तांबूस उजेड होता, आणि काचेच्या आतल्या बाजूला एक पुसट निळी झाक. अण्णांचे दुकान संध्याकाळी वीज गेल्यावर, बॅटरीवर चाललेल्या ध्वनिवर्धकाच्या असल्याच उजेडात दिसायचे. त्यांना मी त्या वेळी जे बोललो ते परत घेण्याची सोय आता नाही. नातीला मी ते सारे सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग विचारू लागली की पणजोबांचा सिरीज दिवा किती वॉटचा होता. मला आठवेना. शंभरचा असावा.

पेटी येथे टेबलावर आणली आहे. मागची फळी स्क्रूने बंद केली आहे, ती कोणी उघडू नये. सभागृहाच्या सॉकेटाला जमिनीची तार आहे की नाही हे मी दुपारीच येऊन तपासले, आहे. व्याख्यानानंतर ज्यांना जवळून पाहावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे. नात गिटार जुळवून बसली आहे. आता मी बटण लावतो. व्हॉल्व्ह तापावयास वीसेक सेकंद लागतील, तेवढे आपण थांबू.